'सरासरी तापमान सरासरीपेक्षा जास्त': हे मराठीत कसं लिहावं?

झुरिकवासी:
स्वित्झर्लंडच्या तापमानाचा एक आलेख मुलांच्या मराठी वर्गात लावण्यासाठी मराठीत करतेय. १८६४ पासूनचं प्रत्येक वर्ष म्हणजे एक खांब. सरासरीच्या वर गेला तर लाल, खाली राहिला तर निळा. खाली मी लिहिलं, '२०२२ या वर्षाचं सरासरी तापमान सरासरीपेक्षा १.६ अंशांनी जास्त होतं.' वर्गातल्या एका मुलीच्या आजींनी ते वाचून विचारलं, 'सरासरी सरासरीपेक्षा जास्त कशी गं असेल?' जर्मनमध्ये ही अडचण येत नाही. वर्षाची ती 'मिटेल', तीस वर्षांची ती 'नॉर्म'. मराठीत दोन्हींना सरासरीच म्हणायचं का? आणि खांबाच्या उंचीला काय म्हणू? विसंगती, विचलन, तफावत, सगळं लिहून खोडलंय.

छापखाना:
हवामानाच्या बातम्या लिहिण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. 'कमाल तापमान सरासरीपेक्षा तीन अंशांनी अधिक' हे वाक्य उन्हाळ्यात रोज छापून येतं आणि कोणालाही कोडं पडत नाही. तुमचं वाक्य जरा मोडून लिहा: '२०२२ मध्ये देशाचं वर्षभराचं तापमान ७.४ अंश, म्हणजे नेहमीपेक्षा १.६ अंश जास्त.' खांबाला नाव हवंच कशाला? मुलांना लाल-निळं दिसतंच आहे.

शुद्धमती:
'नेहमीपेक्षा' बोलताना ठीक आहे, आलेखावर नाही. तीस वर्षांच्या आकड्याला 'प्रमाण' म्हणा. प्रमाणवेळ, प्रमाणभाषा हे शब्द रुळलेले आहेत, तसंच 'प्रमाण तपमान'. खांबाची उंची म्हणजे 'विचलन'. सरासरी हा शब्दच मुळात फारसी आहे. शाळेच्या पुस्तकांत मध्य, मध्यक, बहुलक असे नेटके शब्द असताना आपण तिथेच का घुटमळतो? आणि कृपया 'तपमान' लिहा. आमच्या शाळेत 'तापमान' लिहिलं की बाई लाल रेघ मारत. ताप माणसाला येतो, हवेला नाही.

भीमथडी:
ताप हवेलाही येतो. 'उन्हाचा ताप' म्हणतोच ना आपण! तप् धातूपासून ताप, त्याचं मान ते तापमान. त्यात अशुद्ध काहीही नाही. 'तपमान'ही होतं, पण म्हणून दुसऱ्यावर लाल रेघ मारायचं कारण नाही.

सरासरीवर मात्र माझा जीव आहे. फारसीत 'सरासर' म्हणजे या टोकापासून त्या टोकापर्यंत. आमच्याकडे ज्वारीचा एकरी उतारा सांगताना बांधाकडची हलकी जमीन आणि विहिरीजवळची काळी एकत्र धरून बोलतात, तो 'सरासरी' उतारा. या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळं धरलेलं. 'मध्य' म्हटल्यावर हे डोळ्यांपुढे येत नाही.

पर्जन्यमापक:
माझे वडील पुण्याच्या वेधशाळेत होते, ज्याला पुणेकर अजून सिमला ऑफिस म्हणतात तिथे. आवारात झडपांची पांढरी लाकडी पेटी चार पायांवर उभी असायची. तिचं दार उत्तरेला, म्हणजे उघडताना आतल्या तापमापकांवर ऊन पडत नाही. एका तापमापकाच्या फुग्यावर ओल्या मलमलीची चिंधी गुंडाळलेली असे आणि ती वाळू नये याची त्यांना कोण काळजी! घरी आल्यावर ते 'आज नॉर्मलच्या दोन वर' असं म्हणत. 'सरासरी' त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नाही. ज्यांचं हे काम आहे ते 'नॉर्मल' म्हणतात, तर तुम्हीही 'नॉर्मल' लिहा.

शुद्धमती, 'प्रमाण तापमान' रसायनशास्त्राने आधीच घेतलंय, प्रमाण तापमान आणि दाब. विज्ञानाची मुलं तिथेच जातील.

शुद्धमती:
एका शास्त्राने घेतला म्हणून शब्द दुसऱ्याला वर्ज्य होत नाही. 'दिनांक', 'महापौर' हे शब्द सावरकरांनी दिले तेव्हाही लोक म्हणालेच होते की 'तारीख' काय वाईट आहे. आज महापौराला कोणी मेयर म्हणत नाही. नॉर्मलवर थांबलो तर मुलांना मराठीत वर्ग घेण्याचं प्रयोजन काय?

झुरिकवासी:
माझी खरी अडचण शब्दाच्या कुळाची नाही. माझ्यापुढे एकाच आलेखाच्या दोन प्रती आहेत. एकीत शून्याची रेघ १९६१ ते १९९० च्या सरासरीवर, दुसरीत १९९१ ते २०२० च्या. त्यामुळे नव्वदच्या दशकातली काही वर्षं एकीत लाल आहेत, दुसरीत निळी. वर्षं तीच, तापमान तेच. 'सरासरीपेक्षा जास्त' म्हटलं की ऐकणाऱ्याला वाटतं, सरासरी जागेवर आहे आणि तापमान तेवढं हललं. इथे सरासरीच वर चढलीय. १८७१ ते १९०० या काळापासून मोजलं तर हा देश आता जवळजवळ २.९ अंशांनी तापलाय. मुलांना कळायला हवं ते हे, आणि 'नेहमीपेक्षा' म्हटलं की नेमकं तेच झाकलं जातं. आत्ताचं 'नेहमी' त्यांच्या पणजीच्या 'नेहमी'पेक्षा गरम आहे.

छापखाना:
हे पटलं. मग अर्थशास्त्रातून उचला. महागाईचा निर्देशांक देताना 'पायाभूत वर्ष' सांगतात, तसा 'पायाभूत काळ'. '१९९१–२०२० च्या पायावर १.६ अंश जास्त.' पाया बदलला की आकडा बदलतो, हे बाजारहाट करणाऱ्यालाही ठाऊक असतं. मात्र एक सांभाळा, 'जगाच्या दुपटीने तापला' असं लिहू नका. एका उपसंपादकाने असल्याच मजकुराला 'तापमान दुप्पट' असा मथळा दिला होता.

भीमथडी:
'दुपटीने वाढला' आणि 'दुप्पट झाला' यांवर एकदा स्वतंत्र चर्चा व्हायला हवी. शंभराचे दुपटीने वाढले तर दोनशे की तीनशे? आमच्या सावकारी कागदांत यावरून भांडणं झालेली आहेत.

झुरिकवासी:
इथे दुप्पट आहे ती वाढ. सगळ्या पृथ्वीच्या सरासरी वाढीच्या दुपटीहून जास्त. समुद्रापेक्षा जमीन लवकर तापते आणि इथे जवळ समुद्र नाही. त्यात बर्फ ओसरला की उघडा पडलेला काळा खडक जास्त ऊन पितो. १९८० नंतर युरोपातल्या हवेतली धूळ-काजळी कमी झाली, म्हणून ऊनही जास्त पोचतं.

गणकशिष्य:
खांबाच्या उंचीला, म्हणजे नेहमीच्या मूल्यापासूनच्या फरकाला, इंग्रजीत 'अनॉमली' म्हणतात. तिला मराठी शब्द नाही असं धरून सगळे चाललेत. ग्रहगणितात तो आहे: 'केंद्र'. मंदोच्च म्हणजे ग्रहाच्या कक्षेतला सर्वांत दूरचा बिंदू; त्यापासून ग्रहाचं कोनीय अंतर ते मंदकेंद्र. शब्द ग्रीकांकडून संस्कृतात आला आणि इतका मुरला की आज शुद्धतावादीही तो बिनदिक्कत वापरतात.

पर्जन्यमापक:
तो कोन झाला, इथे अंश तापमानाचे आहेत. 'तापमानाचं केंद्र' वाचून मुलं नकाशात जागा शोधतील.

गणकशिष्य:
आलेखावर लिहा असं मी म्हटलेलं नाही. परका शब्द चालत नाही म्हणणाऱ्यांसाठी सांगितलं.

शुद्धमती:
मला उद्देशून असेल तर उत्तर देते. दोन हजार वर्षं वापरलेला शब्द आणि काल वर्तमानपत्रातून आलेला शब्द यांत फरक करता यायला हवा. 'विचलन' सोडायचं एकही सबळ कारण अजून कोणी दिलेलं नाही.

छापखाना:
कारण आहे. विचलन म्हणजे वाट सोडून भरकटणं, आणि जे भरकटतं ते परत येईल अशी आशा त्या शब्दात आहे. हे खांब परत येताना दिसत नाहीत.

झुरिकवासी:
आणखी एक शब्द अडलाय. इथे उन्हाळ्यात 'शून्य अंशाची उंची' सांगतात, म्हणजे हवेत किती वर गेल्यावर तापमान शून्यावर येतं ते. २०२३ च्या २० ऑगस्टच्या रात्री पायेर्न या इथल्या गावातून सोडलेल्या हवामानाच्या फुग्याला ती ५,२९८ मीटरवर सापडली. देशातलं सर्वांत उंच शिखर ४,६३४ मीटरचं. म्हणजे त्या रात्री सगळ्या देशात गोठणारी हवा शिखरांच्याही वर होती. मी 'हिमरेषा' लिहिलं होतं, पण हिमरेषा जमिनीवरच्या बर्फाची.

भीमथडी:
'गोठणरेषा'. गोठणबिंदू सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे समजावून सांगावं लागणार नाही. २०२२ आणि २०२३ या दोन वर्षांत तिथल्या हिमनद्यांनी एक दशांश बर्फ गमावला, तेही याच शब्दाखाली सांगता येईल. गोठणरेषा वर गेली की खालचं सगळं वितळणीला लागतं.

शुद्धमती:
गोठणरेषा उत्तम. पण 'हिमनद्या' नको. ती नदी नव्हे. 'हिमानी' म्हणा.

भीमथडी:
हिमानी संस्कृतात बर्फाच्या राशीला म्हणतात, तिच्या वाहण्याला नाही. हिमनदी वाहते, सावकाश का होईना. आणि हिम आपल्याला परकं थोडंच आहे? हिवाळा, हिवताप, 'अंगात हिंव भरलं', सगळी त्याचीच लेकरं. जसं उष्णाचं ऊन झालं, तसं हिमाचं हिंव.

पर्जन्यमापक:
झुरिकवासी, ग्रेट सेंट बर्नार्ड खिंडीतल्या मठाच्या नोंदी आलेखात घेतल्या आहेत का? सुमारे २,४७० मीटर उंचीवर तिथे १८१७ पासून तापमान टिपलं जातंय. घेतल्या असतील तर आणखी एक शब्द लागेल. ठाणी हलतात, पेट्या बदलतात, मग जुन्या नोंदी आजच्यांशी जुळवून घ्याव्या लागतात. त्याला आम्ही घरात 'एकजिनसी करणं' म्हणायचो.

शुद्धमती:
जिन्नस अरबी. 'समांगीकरण' म्हणा.