झर्ब-ए-अझ्बनंतरचं वझिरिस्तान: गावं रिकामी करून काय हाती लागलं?

माळरान (धागाकर्ता)

८ जून २०१४ च्या रात्री कराची विमानतळावर हल्ला झाला आणि आठवड्याने, १५ जूनला, पाकिस्तानी सैन्याने अफगाणिस्तानच्या सीमेवरच्या उत्तर वझिरिस्तानात झर्ब-ए-अझ्ब मोहीम जाहीर केली. सुमारे ३० हजार सैनिक, आधी विमानांतून बाँबफेक, मग पायदळ. पायदळ आत शिरण्याआधी लोकांना घरं सोडायला लावलं. नोंदणीच्या आकड्यांनुसार सुमारे १० लाख माणसं भर उन्हाळ्यात, रमजान तोंडावर असताना, शेजारच्या बन्नू शहराच्या रस्त्याला लागली. कोणी ट्रकमध्ये, कोणी गुरं हाकत पायी. सरकारने बक्काखेलला तंबूंची छावणी उभी केली होती, पण पडदा पाळणाऱ्या बायकांना उघड्या माळावर ठेवायला बहुतेक कुटुंबं राजी नव्हती. ती नातलगांकडे, भाड्याच्या खोल्यांत, शाळांच्या वर्गांत राहिली. हजारो लोक उलट्या दिशेने सीमा ओलांडून अफगाणिस्तानात, खोस्तला गेले. आपल्याच सैन्याच्या बाँबपासून वाचायला माणसं शेजारच्या, स्वतः होरपळलेल्या देशात आसरा शोधतात, हे मला विसरता येत नाही.

परतीला मार्च २०१५ मध्ये सुरुवात झाली. मीरानशाह आणि मीर अली या दोन्ही बाजारपेठा जमीनदोस्त झाल्या होत्या. भरपाई ठरली ती पूर्ण पडलेल्या घराला ४ लाख रुपये आणि अर्धवट पडलेल्याला १ लाख ६० हजार. दुकानांचा, मालाचा, बुडालेल्या उधारीचा प्रश्न लोक पुढे वर्षानुवर्षं मांडत राहिले.

मोहिमेने अतिरेक्यांचे तळ मोडले, हे मला मान्य आहे. माझा आक्षेप त्याच्या आधीच्या गोष्टींबद्दल आहे. २००१ मध्ये अफगाणिस्तानातल्या तोराबोराहून पळालेले अल-कायदाचे लोक आणि उझबेक लढवय्ये वझिरिस्तानातच का विसावले? हा मुलूख पाकिस्तानने कधी कायद्याखाली आणलाच नव्हता. १९०१ चा इंग्रजांचा फ्रंटियर क्राइम्स रेग्युलेशन तिथे २०१८ पर्यंत चालू होता. एकाने गुन्हा केला तर अख्ख्या टोळीला शिक्षा, घरं पाडायची, बाजार बंद करायचा. पोलिटिकल एजंट हाच कलेक्टर आणि हाच न्यायाधीश. तिथली माणसं या कायद्याबद्दल म्हणत, ‘ना वकील, ना दलील, ना अपील’. राज्यघटनेच्या २४७ व्या कलमाने न्यायालयांना तिथे दारच बंद होतं. सार्वत्रिक मतदानाचा हक्क मिळाला तो १९९७ च्या निवडणुकीत, देश स्थापन होऊन पन्नास वर्षांनी.

अशा ठिकाणी फौज पाठवून तळ मोडले आणि नंतर कायदा पाठवला नाही, तर रिकामी जागा कोण भरणार? २०२१ नंतर तेहरीक-ए-तालिबान पाकिस्तान (टीटीपी, म्हणजे पाकिस्तानी तालिबान) परत आली, ती याच जागेत.

खिंडार

तुमची तळमळ पोचली, निष्कर्ष पटला नाही.

२०१४ च्या आधीची दहा वर्षं तुम्ही वगळली आहेत आणि सगळा वाद तिथेच आहे. पाकिस्तानने वाटाघाटी करून पाहिल्या नाहीत असं नाही. मार्च २००४ मध्ये दक्षिण वझिरिस्तानातल्या वाना भागात कारवाई फसली, एप्रिलमध्ये शकईला तालिबानी म्होरक्या नेक मोहम्मदशी करार झाला, काही आठवड्यांत मोडला. फेब्रुवारी २००५ मध्ये सरारोघ्यात बैतुल्ला मेहसूदशी करार झाला. पुढच्या दोन वर्षांत तोच माणूस इतका बळावला की डिसेंबर २००७ मध्ये टीटीपी त्याच्या नेतृत्वाखाली उभी राहिली. सप्टेंबर २००६ मध्ये उत्तर वझिरिस्तानात तिसरा करार. प्रत्येक वेळी सैन्य मागे हटलं आणि त्या जागी तालिबानचं राज्य बसलं: त्यांची न्यायालयं, त्यांचे कर, त्यांच्या शिक्षा. स्वातमध्येही २००९ च्या सुरुवातीला सरकारने त्यांच्या मागणीप्रमाणे शरियतचं नियमन मान्य केलं, आणि काही आठवड्यांत ते शेजारच्या बुनेरमध्ये घुसले.

२०१४ मध्येही आधी टीटीपीशी बोलणीच झाली. जानेवारीअखेरीस पंतप्रधान नवाझ शरीफ यांनी संसदेत समिती जाहीर केली, दोन्ही बाजूंचे प्रतिनिधी भेटले. त्यानंतर कराची विमानतळ.

आणि १६ डिसेंबर २०१४ चा तुमच्या लेखात उल्लेखही नाही, याचं वाईट वाटलं. पेशावरच्या आर्मी पब्लिक स्कूलमध्ये १३० हून अधिक मुलं मारली गेली. ज्यांनी हे केलं त्यांनी वझिरिस्तानातल्या कारवाईचा सूड म्हणून केल्याचं स्वतः सांगितलं. अशा लोकांच्या हातात मीरानशाहचा बाजार ठेवायचा होता का?

मोहिमेनंतर पाच वर्षं मृत्यूंचे आकडे सतत घसरले, वर्षाला हजारोंवरून शेकड्यांवर आले. लाहोर, कराची, पेशावरमध्ये माणसं पुन्हा निर्धास्तपणे बाजारात जाऊ लागली. त्या जिवांचीही किंमत धरा.

आषाढ

खिंडार, घसरण खरी आहे. पण उत्तर वझिरिस्तानातल्या आकड्यांबद्दल सावध राहायला हवं. सैन्याच्या प्रसिद्धी विभागाने सुमारे साडेतीन हजार अतिरेकी मारल्याचा आणि ४९० च्या आसपास जवान गेल्याचा हिशेब दिला. जवानांची नावं आहेत, कबरी आहेत. त्या साडेतीन हजारांची यादी कोणी पाहिली? मोहिमेच्या काळात स्वतंत्र पत्रकारांना तिथे मोकळेपणी जाताच येत नव्हतं. गाव रिकामं झालं, मागे राहिला तो अतिरेकी, असं गृहीत धरून मोजणी झाली असेल तर अंथरुणाला खिळलेला म्हातारा कोणत्या रकान्यात गेला?

नकाशाप्रेमी

थोडं मागे जाऊ, कारण २०१४ ची मोहीम या डोंगरातली पहिली नाही.

१८९३ मध्ये इंग्रज अधिकारी मॉर्टिमर ड्युरँडने अफगाणिस्तानचा अमीर अब्दुर रहमान याच्याशी करार करून रेषा आखली आणि एकाच टोळीची माणसं दोन राज्यांत वाटली गेली. ती रेषा काबूलच्या कुठल्याच सरकारने मनापासून मानलेली नाही. १९३६ पासून इपीचा फकीर मिर्झा अली खान इंग्रजांशी लढला. त्याच्यामागे इंग्रजांनी ४० हजारांच्या आसपास फौज लावली, विमानांतून गावं जाळली, तरी तो हाती लागला नाही. १९६० मध्ये तो आपल्या डोंगरात नैसर्गिक मरणाने गेला. ऑक्टोबर १९४७ मध्ये पाकिस्तानने याच मेहसूद-वझीर टोळ्यांचं लष्कर काश्मीरवर सोडलं. १९८० च्या दशकात हाच मुलूख अफगाण जिहादचं कोठार झाला.

म्हणजे राज्यकर्त्यांनी या लोकांकडे दोनच नजरांनी पाहिलं: दुसऱ्यावर सोडायचं हत्यार, नाहीतर बाँब टाकायचं लक्ष्य. माळरान म्हणतात तो कायद्याचा अभाव निष्काळजीपणातून आलेला नाही. कायदा नसणं सोयीचं होतं म्हणून तो ठेवला नाही. अफगाण तालिबानमधला हक्कानी गट काबूलविरुद्ध उपयोगी होता, उत्तर वझिरिस्तानातला तालिबानी म्होरक्या हाफिझ गुल बहादूरने बराच काळ पाकिस्तानी सैन्याशी जमवून घेतलं होतं. ‘चांगले तालिबान, वाईट तालिबान’ हा शब्दप्रयोग तिथूनच आला.

खिंडार

नकाशाप्रेमी, इतिहासाचा हा भाग निर्विवाद आहे. पण झर्ब-ए-अझ्बची घोषणा करताना सैन्याने भेद न करता कारवाई करू असं सांगितलं, आणि निदान टीटीपीच्या बाबतीत ते झालं. धोरण उशिरा बदललं म्हणून चुकीचं ठरत नाही.

माळरान, तुम्ही कायद्याचं बोलता, पण कायदा चालवणारी माणसं तिथे कोणी संपवली? सरकारशी बोलणारे शेकडो मलिक, म्हणजे टोळीप्रमुख, तालिबानने गोळ्या घालून मारले. जिरग्यांमध्ये, म्हणजे टोळ्यांच्या पंचायतींमध्ये, स्फोट केले. तहसीलदार, शिक्षक, न्यायाधीश पाठवायचे तर त्यांच्या आधी कोणीतरी रस्ता मोकळा करायला हवा. तो सैन्यानेच केला.

सांजवात

एक गोष्ट दोन्ही बाजूंकडून सुटली आहे. जून २०१२ मध्ये हाफिझ गुल बहादूरने, अमेरिकी ड्रोनहल्ले थांबेपर्यंत म्हणून, उत्तर वझिरिस्तानात पोलिओचे डोस बंद केले. दक्षिण वझिरिस्तानातही तीच बंदी आली. दोन वर्षं लाखो मुलांना थेंब मिळाले नाहीत. २०१४ मध्ये पाकिस्तानात पोलिओचे ३०६ रुग्ण सापडले, बहुतेक याच आदिवासी पट्ट्यातले. मोहीम सुरू झाल्यावर बन्नूच्या वाटेवरच्या नाक्यांवर मुलांना डोस दिले गेले. घर सुटलं त्या दिवशी कित्येक मुलांना आयुष्यातला पहिला डोस मिळाला.

हे मी मोहिमेच्या बाजूने सांगत नाही. लंगडणाऱ्या मुलाच्या आईला, तालिबानची बंदी आणि सैन्याची बाँबफेक यांत निवड कर, असं कोणी म्हणू नये. ड्रोनचा रागही हवेतून आला नव्हता. १७ मार्च २०११ ला दत्ताखेलमध्ये खाणीच्या तंट्यावर बसलेल्या जिरग्यावर क्षेपणास्त्रं पडली. चाळीसच्या आसपास माणसं गेली, त्यांत तंटा मिटवायला आलेली वडीलधारी मंडळी होती. तंटे सोडवायची जी एक जागा लोकांकडे होती, तिथेच.

माळरान (धागाकर्ता)

खिंडार, पेशावरच्या मुलांचा उल्लेख राहिला, ही माझी चूक. मला तो करायलाच हवा होता.

रस्ता मोकळा करायला सैन्य लागतं, हेही मानतो. पण मग मोकळ्या रस्त्यावरून काय आलं ते पाहा. २०११ च्या एका नियमाने सैन्याला लोकांना स्थानबद्धता केंद्रात बेमुदत ठेवण्याची मुभा मिळाली, आणि तो नियम मागच्या तारखेने, २००८ पासून, लागू केला. परतलेल्यांना आपल्याच गावात जायला वतन कार्ड नावाचं ओळखपत्र दाखवावं लागे, नाक्यानाक्यावर तपासणी. दक्षिण वझिरिस्तानात शेतात गेलेली मुलं भूसुरुंगांनी पाय गमावून बसली. ही तक्रार घेऊन २०१४ मध्ये डेरा इस्माईल खानमधले मेहसूद विद्यार्थी एकत्र आले. जानेवारी २०१८ मध्ये कराचीत नकीबुल्ला मेहसूद या तरुणाला बनावट चकमकीत मारल्यावर त्यांचीच चळवळ पश्तून तहफ्फुझ मूव्हमेंट झाली. मंझूर पश्तीन आणि त्याच्या सोबत्यांच्या मागण्या वाचा: सुरुंग काढा, बेपत्ता माणसं न्यायालयात उभी करा, नाक्यांवरचा अपमान थांबवा. यात बंदूक कुठे आहे? सगळ्या मागण्या राज्यघटनेतल्याच. ऑक्टोबर २०२४ मध्ये सरकारने या संघटनेवर बंदी घातली.

तालिबानला विरोध करणारा, निःशस्त्र, तरुण पश्तून आवाज तयार झाला होता. त्यालाच गप्प केलं. मला मोहिमेपेक्षाही याचा त्रास जास्त होतो.

खिंडार

बंदी चुकीची होती, यावर मी तुमच्या बाजूने आहे. पण तुम्ही विलीनीकरण एका ओळीतही मांडलं नाही. मे २०१८ मध्ये २५ वी घटनादुरुस्ती होऊन आदिवासी पट्ट्यातल्या सातही एजन्सी (जिल्हे) खैबर पख्तुनख्वा प्रांतात आल्या, इंग्रजांचा तो कायदा गेला. जुलै २०१९ मध्ये तिथल्या लोकांनी पहिल्यांदा प्रांतिक विधानसभेसाठी मत दिलं. २०१४ ची मोहीम झाली नसती तर हे घडलं असतं? मीरानशाहमध्ये मतपेटी ठेवायला कोण धजावलं असतं?

आषाढ

मतपेटी आली, पैसा आला नाही. दहा वर्षं, दरवर्षी १०० अब्ज रुपये देण्याचं ठरलं होतं. राष्ट्रीय महसुलातला ३ टक्के वाटा सोडायला बाकीचे प्रांत तयार झाले नाहीत. सत्र न्यायालयं नेमली, पण सुरुवातीला वझिरिस्तानचे खटले बन्नू आणि टांकमध्ये चालत. जमिनीच्या नोंदीच नाहीत, त्यामुळे वाटणीचे तंटे कोर्टात टिकत नाहीत. टोळ्यांमधून भरती केलेली जुनी खासादार दलं पोलिसांत घेतली, त्यांना पुरेसं प्रशिक्षण आणि हत्यारं नाहीत, आणि आज हल्ल्यांत सगळ्यात आधी तेच मरतात. विलीनीकरण कागदावर ज्या वेगाने झालं त्याच्या निम्म्या वेगाने जमिनीवर झालं असतं तरी टीटीपीला इतकी सोपी वाट मिळाली नसती.

नकाशाप्रेमी

यात काबूलचा वाटा विसरू नका. ऑगस्ट २०२१ नंतर टीटीपीला पाठीमागे हक्काची जागा मिळाली, अफगाण तुरुंगांतले त्यांचे लोक सुटले. नोव्हेंबर २०२१ ची शस्त्रसंधी महिनाभरात संपली आणि ३० जानेवारी २०२३ ला पेशावरच्या पोलीस वसाहतीतल्या मशिदीत ८० हून अधिक माणसं गेली, बहुतेक पोलीस. वझिरिस्तानात उद्या उत्तम शाळा-न्यायालयं आली तरी डोंगरापलीकडचा हा आसरा बंद होत नाही. २०१७ पासून घातलेल्या कुंपणाने तो बंद झाला नाही, हे तर दिसलंच. मी माळरानशी बराचसा सहमत आहे, पण सगळं उत्तर कायद्यात आहे असं मला वाटत नाही.

सांजवात

याच पट्ट्यातल्या बाजौर जिल्ह्याचं २०२५ पाहा. लोवी मामुंद आणि वार मामुंद भागांत टीटीपीचे गट गावांत येऊन राहिले. कारवाईच्या आधी तिथल्या जिरग्याने स्वतः जाऊन त्यांच्याशी बोलणी केली: अफगाणिस्तानात परत जा, नाहीतर लढायचं असेल तर वस्तीबाहेर डोंगरात जाऊन लढा. अतिरेक्यांनी ऐकलं नाही. ऑगस्टमध्ये संचारबंदी लागली, हजारो कुटुंबं पुन्हा शाळांत आणि तंबूंत आली.

खिंडार, बोलून उपयोग होत नाही हे तुमचं म्हणणं यातून दिसतं. माळरान, लोक त्यांना आपल्या गावात नकोच म्हणत होते, हे तुमचंही दिसतं. माझा प्रश्न दोघांना आहे. ज्या म्हाताऱ्यांनी बंदुकीसमोर उभं राहून ‘आमच्या गावातून निघा’ म्हटलं, ते त्याच गावात परत राहायला गेल्यावर त्यांच्या दारावर रात्री पहारा कोणाचा असेल?