अडचणीच्या काळात धंद्यातली पत कशी राखलीत? तुमचे अनुभव लिहा

धंदा सुरू कसा करावा, यावर पुष्कळ लिहिलं जातं. दिवस फिरल्यावर गिऱ्हाईक, पुरवठादार आणि हाताखालची माणसं कशी टिकवली, हे मात्र ज्याचं त्यालाच माहीत असतं. ते इथे यावं. उपदेश नको, प्रत्यक्ष काय केलंत ते सांगा.

– माझा छापखाना आहे. ऐन घाईत मशीनचा रोलर गेला आणि एका कंपनीचा अहवाल अडकला. त्याच दुपारी फोन केला : "परवा माल मिळणार नाही. आत्ता सांगितलंत तर प्लेटा दुसऱ्या छापखान्यात पोचवतो." साहेब चिडले, काम गेलं. पुढच्या वर्षीचा अहवाल मात्र त्यांनी दर न विचारता माझ्याकडेच दिला.

– मी दुसऱ्यांचे हिशेब लिहिते. नफ्यातला धंदाही बुडताना पाहिलाय. गिऱ्हाईक ६० दिवसांनी पैसे देतं, पुरवठादाराला ३० दिवसांत द्यावे लागतात. विक्री वाढेल तशी ही ओढाताणही वाढते. त्यात सूट देण्याची घाई! विक्रीवर २० टक्के नफा सुटत असेल आणि १० टक्के सूट दिली, तर तेवढ्याच नफ्यासाठी माल दुप्पट विकावा लागतो. हे कागदावर मांडून दाखवलं की मालक गप्प होतात. दर आठवड्याला येणं-देणं तपासणाऱ्यांची मला काळजी वाटत नाही.

– चिकाटीबद्दल लिहितो. ब्रिटिश संशोधक-उद्योजक जेम्स डायसन यांनी बिनपिशवीचा व्हॅक्यूम क्लीनर जमेपर्यंत ५,१२७ नमुने केले. आकडा सगळ्यांना पाठ असतो. एका वेळी एकच बदल करून पाहायची त्यांची शिस्त मला जास्त मोलाची वाटते. आमच्या चामड्याच्या बॅगांचे पट्टे उसवायचे. आधी दोरा बदलला, मग सुई. टाका बारीक केला, तर चामडं भोकांच्या रेषेतच फाटलं. शेवटी टोक दुमडून चौकोन आणि आत फुली अशी शिवण घातली, ती टिकली. प्रत्येक फसलेला तुकडा तारीख घालून ठेवलाय. नवीन कारागीर आला की आधी तेच दाखवतो.

– पैसे कमी पडले की आधी कामगारांचा पगार, मग माझा. एवढंच.

– भागीदारी सुरू करतानाच, वेगळं व्हायची वेळ आली तर देणी कोणी फेडायची आणि कोणतं गिऱ्हाईक कोणाकडे, हे आम्ही लिहून ठेवलं होतं. तेव्हा ते अशुभ वाटलं होतं. वेगळ्या झालो त्या दिवशी तो कागद काढला आणि तासाभरात सगळं मिटलं. तिच्याकडचं जास्तीचं काम अजून माझ्याकडे येतं.