मदत हवी आहे : पाय उचलत नाहीत, पण फुल मॅरेथॉनचा सराव सोडायचा नाही

ओवळ्याची_धावपळ
थेट विचारते. गेले दोन आठवडे पायात शिसं ओतल्यासारखं झालंय. रविवारी २८ किमी होते. १९ ला उपवन तलावाच्या कठड्यावर टेकले ते उठवेचना, शेवटी नवऱ्याला गाडी घेऊन बोलावलं. एरवी पावणेसातच्या पेसने (किलोमीटरला पावणेसात मिनिटं) गप्पा मारत जाते, आता साडेसातनेही धाप लागते. थकवा असताना सराव रेटायचा कसा, एवढंच सांगा. "विश्रांती घ्या" लिहू नका, ते सासूबाई रोज सांगतात.

चालता_बोलता
कोणती मॅरेथॉन? कधी? आठवड्याला किती किमी? आधी किती झाल्यात? वय?

ओवळ्याची_धावपळ
कोणती म्हणजे? जानेवारीतली, मुंबईची. आठवड्याला ५५. हाफ चार केल्यात, फुल पहिलीच. वय ४१. आता उत्तर द्या.

नेरुळचा_नाना
येऊर चढत असणार तुम्ही. ठाणेकरांना तो चढ म्हणजे देवदर्शन वाटतं. पाम बीचला या, सपाट रस्ता, खाडीचा वारा. आठ दिवसांत पाय मोकळे.

येऊरप्रेमी
नाना, पाम बीचवर पहाटे गाड्या कशा सुसाट सुटतात ते तुम्हाला माहीत नाही? आणि मी मुंबई मॅरेथॉन पळलो तेव्हा परतीच्या वाटेवर, पाय संपल्यावर, पेडर रोडचा चढ आला होता. तो काय सपाटीवर पळून जमणार?

नेरुळचा_नाना
आणि येऊरचा बिबट्या?

येऊरप्रेमी
त्याने पेस सुधारतो.

सत्तू_सम्राट
भाऊ, मूळ पोटात आहे. पळायच्या आधी तासभर दोन चमचे सत्तू, मीठ, लिंबू. पळताना खायचे ते एनर्जी जेल-बिल सगळं विसराल.

ओवळ्याची_धावपळ
भाऊ नाही. "जाते", "टेकले" लिहिलंय वर. सत्तू घेऊन झालं, मळमळतं.

हळूहळू_पळू
नव्वद टक्के लोक रोजचं पळणं नको इतक्या जोरात करतात. (टक्केवारी माझ्या मनाची, पण उपवनला उभं राहून मोजा.) मी एकोणतीसचा पाढा म्हणत पळतो. पाढा तुटला की चालायला लागतो. ऑक्टोबरच्या दमट हवेत नाडी तशीही वर जाते, घड्याळातला पेस बघूच नका.

टाच_दुखी
शीर्षक बघून आलो. सकाळी पलंगावरून उतरलो की पहिली पाच-सहा पावलं टाचेत खिळा घुसल्यासारखी कळ येते. नंतर थांबते. उपाय?

चालता_बोलता
@टाच_दुखी, वेगळा धागा काढा. तोवर पाण्याची बाटली फ्रीजरमध्ये गोठवा आणि तळव्याखाली फिरवा.
@धागाकर्ती, झोप किती?

ओवळ्याची_धावपळ
ऐरोलीला शिफ्ट आहे, यूएसची. पहाटे तीनला घरी, साडेपाचला पळायला, मग मुलीचा डबा, मग अकरा ते तीन झोप.

चालता_बोलता
चार तास?! आणि हे आत्ता सांगताय?

ओवळ्याची_धावपळ
दोन वर्षं हेच चाललंय. चारही हाफ यावरच झाल्या. झोपेचं असतं तर तेव्हाच आडवी झाले असते ना?

रक्तपेढीवाली
मुद्दा बरोबर आहे. झोप कमीच आहे, पण ती जुनी. मग या महिन्यात नवीन काय झालं? आजारपण, औषध, काहीही.

ओवळ्याची_धावपळ
काही नाही हो. नवरात्र झालं, नऊही दिवस धरते, उठता-बसता नाही. दसऱ्यानंतर ऑफिसात रक्तदान शिबिर होतं, तिथे दिलं. मग नेहमीचं रुटीन.

रक्तपेढीवाली
अहो बाई! हे पहिल्या ओळीत हवं होतं.
३५० मिली रक्त गेलं. त्यातलं पाणी एक-दोन दिवसांत भरून येतं, म्हणून दुसऱ्या दिवशी ऑफिसात काही जाणवत नाही. लाल पेशी भरायला चार ते आठ आठवडे लागतात, लोह भरायला त्याहून जास्त. पायांना ऑक्सिजन पोचवायचा तो त्या पेशींनीच. पुरुषांना दोन दानांत तीन महिने आणि बायकांना चार महिने अंतर ठेवायला सांगतात ते उगीच नाही. शिबिरात बोट टोचून हिमोग्लोबिन किती आलं होतं?

ओवळ्याची_धावपळ
१२.६. "चालतंय" म्हणाले.

रक्तपेढीवाली
साडेबाराच्या वर घेतात, म्हणून चाललं. पण हिमोग्लोबिन म्हणजे डब्यातलं पीठ. कोठीत गहू किती आहेत ते फेरिटिन सांगतं, आणि ते शिबिरात बघत नाहीत. उद्या सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि फेरिटिन करा, रिपोर्ट डॉक्टरांना दाखवा. तोवर लांब पळणं बंद. लोहाच्या गोळ्या मनाने सुरू करू नका.

हळूहळू_पळू
म्हणजे हळू पळा. मी तेच म्हणत होतो.

रक्तपेढीवाली
नाही. तुमच्या पाढ्याने पेशी तयार होत नाहीत.

नेरुळचा_नाना
रक्तदान करू नका असा संदेश जातोय. जबाबदारीने लिहा. मी चाळीस वेळा दिलंय.

रक्तपेढीवाली
द्या की, आम्हाला हवंच असतं. फुलच्या तीन महिने आधी देऊ नका, शर्यत झाल्यावर या, इतकंच म्हणतेय.

ओवळ्याची_धावपळ (चार दिवसांनी)
हिमोग्लोबिन ११.२, फेरिटिन ८. डॉक्टर रिपोर्टकडे बघून आधी हसले, मग ओरडले. गोळ्या दिल्यात, सहा आठवड्यांनी परत तपासणी. तोपर्यंत दिवसाआड ५ किमी, तेही बोलता येईल इतक्याच वेगाने. पाढे येत नाहीत, मुलीला फोन लावते. फुलचं तपासणीनंतर बघू. येऊर बंद. नाना, खूश?

नेरुळचा_नाना
पाम बीचला कधी येताय?

रक्तपेढीवाली
गोळी चहाबरोबर घेऊ नका, लोह अंगी लागत नाही. आधी-नंतर तासभर तरी चहा नको. लिंबूपाण्याबरोबर घेतलेली उत्तम.

ओवळ्याची_धावपळ
पहाटे तीनला घरी आल्यावर एक चहा, तेवढाच माझा निवांत चहा. तोही सोडू?

रक्तपेढीवाली
चहा तीनला प्या, गोळी दुपारी उठल्यावर घ्या.

सत्तू_सम्राट
सत्तूतही लोह असतं हं.

टाच_दुखी
बाटली गोठवून फिरवली, बरं वाटतंय. घरात काचेचीच होती. चालेल ना?

चालता_बोलता
काढा ती पायाखालून. आधी काढा.