मदत हवी आहे : पोरं शिकण्यात किती गुंतली आहेत, हे मोजायचं कसं?

नमस्कार मंडळी. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका ग्रामीण कॉलेजात बी.ए.ला शिकवतो. नॅकसाठी (कॉलेजांचं मूल्यांकन करणारी संस्था) विद्यार्थ्यांचं समाधान सर्वेक्षण होतं, पण समाधान वेगळं आणि गुंतणं वेगळं.

फ्रेड्रिक्स, ब्लुमेनफेल्ड आणि पॅरिस या संशोधकांनी २००४ मध्ये गुंतण्याचे तीन पदर मांडले: वागणं, भावना, विचार. हजेरीपटात फक्त पहिला दिसतो, तोही अर्धवट. सोयाबीनची सोंगणी, मग कापूस वेचणी. तेव्हा कितीतरी पोरं शेतात असतात. एक विद्यार्थिनी दिवसभर वेचणी करून रात्री फोनवर शंका विचारते. ७५ टक्के हजेरीच्या नियमात ती बसत नाही, पण माझ्या मते वर्गात सगळ्यात जास्त गुंतलेली तीच.

गुंतणं मोजायला संशोधक शॉफेलींची उट्रेख्ट प्रश्नावली, विद्यार्थ्यांसाठीची ९ प्रश्नांची, मला बरी वाटते. उत्साह, समर्पण आणि तल्लीनता यांना ० ते ६ गुण. तिचं तपासून घेतलेलं मराठी रूपांतर कुणाकडे आहे का? घरी वऱ्हाडी बोलणाऱ्या पोरांना ‘तल्लीनता’ पुस्तकी वाटेल, ही भीती आहेच.

सुगीच्या आधी आणि नंतर असं दोनदा मोजायचं मनात आहे. नाव लिहायला लावलं तर पोरं सरांना आवडेल तेच लिहितील. मग नावाशिवाय एकाच विद्यार्थ्याचे दोन्ही फॉर्म जुळवायचे कसे? कुणी केलं असेल तर जरा सविस्तर सांगा.