पिनकोडची फोड

कुणीतरी विचारलंय की सहा आकडी संख्येला 7, 11, 13 पैकी कशाने भाग जातो हे तीनदा भागाकार न करता कळेल का. कळतं की! 7 × 11 × 13 = 1001, सगळी मेख तिथंच आहे: सहा आकडी संख्या म्हणजे पहिला तुकडा × 1001, अधिक (दुसरा तुकडा − पहिला). संख्येचे तीन-तीन अंकांचे दोन तुकडे पाडा आणि वजाबाकी करा. या तिघांपैकी ज्याने वजाबाकीला भाग जाईल, त्यानेच अख्ख्या संख्येला जातो.

आमच्या लातूरचा पिनकोड घ्या, 413512. 512 − 413 = 99. म्हणजे 11 ने जातो, 7 आणि 13 चा प्रश्नच मिटला. धाराशिवचा 413501, तिथं वजाबाकी 88, पुन्हा 11. (जाणारच, दोघांत फरकच 11 चा आहे.)

आता वजाबाकीऐवजी बेरीज करून बघा: 413 + 512 = 925 = 37 × 25. 999 = 27 × 37 असल्यामुळे बेरजेला 37 ने भाग गेला की अख्ख्या संख्येला जातो. लातूरची पूर्ण फोड: 2³ × 11 × 37 × 127. त्यातला 127 म्हणजे 2⁷ − 1, मर्सेन मूळ संख्या (2 च्या घातातून 1 वजा करून मिळणारी मूळ संख्या). एकूण विभाजक 32. लईच देखणा पिनकोड!

संभाजीनगरवाले रुसतील, पण 431001 ची वजाबाकी 430, तिघांपैकी एकही लागू पडत नाही. अंकांची बेरीज मात्र 9. भागलं की 47889, त्याची बेरीज 36, परत 9 ने भागा. उरतात 5321, म्हणजे 17 × 313. इथं युक्ती नाही, सतराचा पाढाच लागतो.

जालन्याचा 431203 कुणीतरी फोडा, मी हात लावलेला नाही.