रत्नागिरीच्या भाट्ये पुलाजवळच्या कुरवांची डोकी तपकिरी झालीत. पक्षी तोच की वेगळा?

मांडवीची मावशी:
रोज सकाळी साडेसहाला मांडवीहून निघते, राजिवड्यातून भाट्ये पुलापर्यंत चालत जाते. ओहोटी असली की काजळी नदीच्या मुखाशी वाळूवर कुरवांचा थवा बसलेला असतो. डिसेंबरात सगळ्यांची डोकी पांढरी होती, डोळ्यामागे काजळाचं बोट लावल्यासारखा एक ठिपका. या आठवड्यात एकाचं डोकं मानेपर्यंत चहाच्या रंगाचं दिसलं. शेजारच्याचं अर्धवट, कपाळ पांढरं नि मागे डागच डाग. वहीत ‘नवीन पक्षी’ लिहिलं आणि खोडलं, कारण चोच तीच: लाल, टोकाला काळी. फेब्रुवारी संपत आला, आता नवे कोण येणार? जाणकारांनी सांगावं, मला यात चूक लिहायची नाहीये.

खाडीकाठ:
खोडलंत ते बरं केलंत मावशी, तेच आहेत. तपकिरी डोक्याचा कुरव. उन्हाळ्यात लडाख-तिबेटकडच्या तलावांवर अंडी घालतो. त्याआधी डोक्यावरची बारीक पिसं झडून तपकिरी येतात, प्रत्येकाची आपापल्या वेळेने. म्हणून तुम्हाला अर्धवट रंगलेलाही दिसला.
पण थव्यात काळ्या डोक्याचा कुरवही असू शकतो, आणि विणीच्या दिवसांत त्याचंही डोकं गडद तपकिरीच होतं! तेव्हा डोक्यावरून ठरवू नका. उडताना पंख बघा. टोकाला रुंद काळं आणि त्यात पांढरे ठिपके असले तर तपकिरी डोक्याचा. पंखाची पुढची कड पांढरीशुभ्र नि काळं फक्त टोकाशी, तर दुसरा.

राजिवडकर:
आमच्याकडे होडी किनाऱ्याला लागली की हेच मागे असतात, जाळ्यातली बारीक मासळी उचलायला. मावशी, एक विनंती. पुलाजवळ कोणी त्यांना शेव-फरसाण टाकताना दिसलं तर थांबवा. एवढ्या लांब जायचंय त्यांना, तेलकट-खारट कशाला घालायचं पोटात?

मांडवीची मावशी:
आज मुद्दाम पुलावर थांबले. मासळीवाली टोपली घेऊन खाली उतरली तसा थवा उठला आणि डोक्यावरून गेला. सात पंख नीट दिसले, सातही काळ्या टोकांचे, आत पांढरा ठिपका. आठवा वळला आणि उन्हात गेला, तो वहीत धरला नाही. राजिवडकर, फरसाणाचं सांगते. एक कुटुंब आजच भेटलं, मुलीने पुडी लगेच पिशवीत ठेवली.