शाबासकी आणि दरडावणी

सराव कसा घ्यावा यावर 'प्रशिक्षक खेकसला नाही की पोरं ढिली पडतात' हे एक मत आणि त्यावर 'नाही, सतत शाबासकी द्यावी' हे उत्तर नेहमी ऐकू येतं; दोन्ही मला अर्धीच वाटतात. अमेरिकेतले बास्केटबॉल प्रशिक्षक जॉन वुडन यांचं नाव दोन्ही बाजूंनी घेतलं जातं म्हणून सांगतो. १९७४-७५ च्या मोसमात, म्हणजे यूसीएलए या अमेरिकन विद्यापीठातल्या त्यांच्या शेवटच्या वर्षी, थार्प आणि गॅलिमोर हे दोन मानसशास्त्रज्ञ त्यांच्या सरावाला बसून प्रत्येक सूचना टिपत होते. २३०० हून अधिक नोंदी झाल्या. त्यात कौतुक जेमतेम ७ टक्के, नाराजीही जवळपास तेवढीच. सुमारे तीन चतुर्थांश बोलणं निव्वळ माहितीचं: काय करायचं, कसं करायचं. चूक दिसली की आधी बरोबर करून दाखवायचं, मग खेळाडूने केलं तसं, मग पुन्हा बरोबर. सगळं काही सेकंदांत, की खेळ पुढे सुरू. लांबलचक भाषण नाहीच.

अर्थात हे आयत्या वेळी सुचत नाही. सकाळी सहायकांबरोबर बसून ते सरावाचा मिनिटामिनिटाचा आराखडा करत आणि तो छोट्या कार्डावर लिहून मैदानात नेत. (आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी 'चला, दोन टीम करा' इथेच सराव सुरू होतो आणि तिथेच संपतो.) त्यांची १० राष्ट्रीय अजिंक्यपदं सगळ्यांना पाठ असतात, पण वुडन १९४८ ला यूसीएलएत आले आणि पहिलं अजिंक्यपद मिळालं ते १९६४ मध्ये. आपल्या संघटनांनी दुसऱ्याच वर्षी प्रशिक्षक बदलला असता.